बहुल्याची वाट आणि तोफखान्याचा सराव

गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. येथे येणारा पर्यटक धुके पाहतो, भजी खातो आणि पुढे निघतो. बावड्याची ही जहागीर रामचंद्रपंत अमात्यांची, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. याच पंतांनी ‘आज्ञापत्रा’त दुर्गांविषयी रोखठोक लिहून ठेवले आहे. गडाची वाट सुगम नसावी. असलीच तर ती मोडावी, तिच्यावर झाडी वाढवावी आणि दुसरी अवघड वाट बांधावी, असा त्यांचा दंडक होता. गडावर कोणी व केव्हा यावे, हे गड राखणाऱ्याने ठरवावयाचे.

तीनशे वर्षांनंतर हा दंडक दुर्गप्रेमींना पुन्हा भेटतो तो नाशिकजवळच्या बहुला किल्ल्यापाशी. आंबेबहुला गावाजवळचा हा किल्ला देवळालीच्या तोफखान्याच्या सराव क्षेत्रात येतो. गोळाफेक चालू असताना तेथे पाऊल टाकता येत नाही. रविवारची सुटी साधून आलेल्या गिर्यारोहकांना परत फिरावे लागले की कुरकुर सुरू होते. ‘किल्ला आमच्या पूर्वजांचा, मग आम्हालाच मज्जाव का?’ हा प्रश्न भावनेचा आहे, विचाराचा नव्हे.

तोफखान्याचे हे प्रशिक्षण केंद्र फाळणीच्या वेळी, १९४७ मध्ये, काकूलहून देवळालीस आले. १९९९ साली कारगिलची शिखरे मोकळी करण्यात तोफखान्याचा वाटा किती मोठा होता, हे सर्वांस ठाऊक आहे. तो अचूकपणा सरावाच्या माळावरच कमवावा लागतो, आणि त्याची किंमतही तेथेच मोजावी लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये देवळालीत सरावाच्या वेळी गोळा फुटून दोन अग्निवीरांना प्राण गमवावे लागले. ज्या भूमीवर प्रशिक्षित जवानाचाही भरवसा नाही, तेथे पाठीवर पिशवी टाकून हौसेने हिंडणे हे धाडस नसून बेपर्वाई आहे. न फुटलेला गोळा गवतात वर्षानुवर्षे पडून राहू शकतो, आणि तो उचलणारा हात बहुधा गुराख्याचा वा भंगार वेचणाऱ्या गरिबाचा असतो.

गिर्यारोहकाचा रविवार बुडतो एवढेच. सराव क्षेत्राच्या कडेला राहणाऱ्या शेतकऱ्याची मात्र पेरणी थांबते, चराई बंद होते. नगरच्या खारेकर्जुने सराव क्षेत्राभोवतीच्या गावांना भूसंपादनाच्या नुसत्या चर्चेनेही कित्येकदा अस्वस्थ केले आहे. गोळाफेकीच्या सरावासाठी १९३८ चा कायदा आहे. त्यात धोक्याच्या क्षेत्रातून लोकांना दूर ठेवण्याचा अधिकार आहे, तशीच नुकसानभरपाईची तरतूदही आहे. पहिल्या भागाची अंमलबजावणी तत्परतेने होते. दुसऱ्या भागासाठी शेतकऱ्याला सरकारी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागू नयेत, हे पाहणे राज्य शासनाचे काम आहे. सरावाच्या तारखा सोप्या मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि दवंडीने आधी कळविल्या, तर सैन्याची कोणतीही गुप्तता भंगत नाही. दुर्गभ्रमण मंडळांनीही मोहीम आखण्यापूर्वी त्याच फलकाकडे पाहावे, रीतसर परवानगी मागावी, आणि ती न मिळाल्यास त्या रविवारी अंजनेरीला जावे.