करार कोणाचा, समुद्र कोणाचा?

आर्थिक वर्ष संपले, की देशाच्या सागरी निर्यातीचे आकडे जाहीर होतात. २०२४-२५ या वर्षात भारताने सुमारे १६ लाख ९८ हजार टन मासळी परदेशी धाडली आणि तिच्यापोटी ६२ हजार ४०८ कोटी रुपये मिळविले. आकडा खरोखरच मोठा आहे आणि तो वाचताना आपली मान ताठ व्हावी, हे स्वाभाविकच. मग एखादा नवा व्यापार करार होतो, परदेशातील आयात शुल्क उतरते, आणि मच्छीमारांना आता सुगीचे दिवस येणार असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. संयुक्त अरब अमिरातीशी २०२२ साली करार झाला, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाशी झाला, २०२५ च्या जुलैमध्ये ब्रिटनशी झाला. प्रत्येक वेळी हेच वाक्य ऐकू आले.

माझे भांडण या वाक्याशी आहे. त्यातला 'मच्छीमार' कोण?

वरचा आकडा जरा फोडून पाहू या. त्या ६२ हजार कोटींपैकी ४३ हजार कोटींहून अधिक रक्कम एकट्या गोठवलेल्या कोळंबीची आहे. ही कोळंबी बहुतांशी समुद्रातून आलेली नाही. ती आंध्र प्रदेशाच्या किनारपट्टीवरील तळ्यांत वाढविलेली, 'वनामी' जातीची, मूळ अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची कोळंबी. आपल्याकडे तिच्या व्यापारी संवर्धनाला २००९ साली परवानगी मिळाली. म्हणजे निर्यातीच्या दर शंभर रुपयांतील जवळजवळ सत्तर रुपये ज्या मालाचे आहेत, त्या मालाशी अर्नाळ्याच्या डोलकराचा, पाचूबंदरच्या खलाशाचा किंवा उत्तनच्या वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या बाईचा काडीचाही संबंध नाही. तळ्याच्या मालकाला लाभ झाला, तर आनंदच आहे. पण त्याच्या लाभाची पावती कोळ्याच्या नावाने फाडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

संबंध एका ठिकाणी मात्र येतो, आणि तो सुखाचा नाही. तळ्यातल्या कोळंबीला खाद्य लागते. त्या खाद्यात माशांची भुकटी असते, आणि ती भुकटी समुद्रातल्या स्वस्त, बारीक मासळीपासून बनते. जी मासळी गरिबाच्या कालवणात पडायची, तीच दळून श्रीमंत देशाच्या ताटात जाणारी कोळंबी पोसली जाते. निर्यातीच्या हिशेबात हे नुकसान कोठेच मांडलेले नसते.

आता या व्यापाराच्या भरवशाविषयी. शुल्क उतरले म्हणजे बाजारपेठ उघडली, असे आपल्याला वाटते. अनुभव वेगळा आहे. १९९७ च्या ऑगस्टमध्ये युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीवर बंदी घातली आणि कित्येक प्रक्रिया कारखान्यांचे कंबरडे मोडले. कासवांच्या रक्षणाचे कारण देऊन अमेरिकेने समुद्रातल्या कोळंबीला दार लावले. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड हे देश जागतिक व्यापार संघटनेत दाद मागायला गेले, १९९८ साली निकालही लागला. तरीही २०१९ पासून अमेरिकेने आपल्या समुद्री कोळंबीला पुन्हा मज्जाव केलाच. कासवे जगली पाहिजेत, मासळी स्वच्छ असली पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण नियम लिहिणारा एक, आणि त्याचा खर्च सोसणारा दुसरा, हा न्याय कोणता? आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर अमेरिकेने आपल्या मालावर आधी २५ टक्के आणि त्याच महिन्यात आणखी २५ टक्के जादा शुल्क लादले. एका देशाच्या एका आदेशाने ज्या धंद्याचा भाव कोसळतो, त्या धंद्याला राष्ट्राची भरभराट म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

कोणी म्हणेल, हा माणूस व्यापाराचाच वैरी दिसतो. तसे नाही. सातपाटीच्या पापलेटाला परदेशात मागणी आली, म्हणून किनाऱ्यावर दोन पैसे जास्त मिळाले, हे मी नाकारीत नाही. त्याच पैशातून मुले शिकली, घरांवर स्लॅब पडले. माझा आक्षेप व्यापाराला नाही. ज्या मेजावर तो ठरतो, त्या मेजाभोवती समुद्राच्या माणसाला खुर्ची नसते, याला आहे. मसुदा गुप्त राहतो, सह्या होतात, आणि आपल्याला कळते ते वर्तमानपत्रातून.

भारत आणि आग्नेय आशियाई राष्ट्रांचा वस्तुव्यापार करार आठवून पाहा. २००९ च्या ऑगस्टमध्ये बँकॉकला सह्या झाल्या आणि १ जानेवारी २०१० पासून तो लागू झाला. मधल्या काळात, २ ऑक्टोबर २००९ रोजी, केरळमध्ये त्याच्या निषेधार्थ कासरगोडपासून तिरुवनंतपुरमपर्यंत मानवी साखळी उभी राहिली. मिरी, रबर आणि मासळी या तिन्ही धंद्यांतील माणसांना स्वस्त आयातीची धास्ती होती. त्यांची भीती किती खरी, किती खोटी, यावर वाद होऊ शकतो. पण तो वाद सह्यांच्या आधी व्हायला हवा होता.

समुद्रच विकायला काढला, की काय होते, हे पाहायचे असेल, तर पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलकडे पाहावे. त्या देशाने युरोपीय राष्ट्रांच्या जहाजांना मोबदला घेऊन आपल्या पाण्यात मासेमारी करू देण्याचे करार १९७९ पासून केले. २००६ साली खंड पडला, २०१४ साली ते पुन्हा सुरू झाले, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये संपले. या साऱ्या वर्षांत परकी जहाजे, बेकायदा मासेमारी आणि भुकटीचे कारखाने यांच्यापुढे तिथल्या रंगीत लाकडी होड्यांची पकड घटत गेली. त्याच होड्यांत बसून तिथले तरुण कॅनरी बेटांकडे निघाले. कित्येक पोहोचलेच नाहीत. ज्या होडीने बापाचे घर चालविले, तिच्यातूनच मुलाने देश सोडावा, यापेक्षा कडू हिशेब कोणता असेल?

आपल्यावर ही पाळी आली नाही, ती कोणाच्या कृपेने नव्हे. १९९१ साली केंद्र सरकारने खोल समुद्रातील मासेमारीचे नवे धोरण आणून संयुक्त उपक्रमांच्या नावाखाली परकी जहाजांना दार उघडले होते. त्याविरुद्ध राष्ट्रीय मच्छीमार मंच उभा ठाकला. त्याच्या अग्रभागी होते फादर थॉमस कोचेरी, रिडेम्प्टरिस्ट संघाचे धर्मगुरू, ज्यांनी केरळच्या मच्छीमार वस्तीलाच आपले घर मानले होते. १९९४ साली देशभर किनारा बंद राहिला. १९९५ साली फादरांनी पोरबंदरला उपोषण केले. सरकारला मुरारी समिती नेमावी लागली, आणि त्या समितीने १९९६ साली ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने आपल्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जे नियम काढले, त्यांतही परकी नौकांना मज्जाव आहे. फादर कोचेरी २०१४ साली निवर्तले. त्यांच्या उपोषणाचे फळ आजही आपल्या जाळ्यात पडते आहे, आणि आपल्यापैकी किती घरांत त्यांचे नाव ठाऊक आहे?

जिनिव्हात २०२२ साली मासेमारीच्या अनुदानांविषयी जागतिक करार झाला आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तो अमलात आला. बेकायदा मासेमारीला सरकारी पैसा मिळू नये, हे त्याचे कलम उत्तमच आहे. पण दूरच्या महासागरांत ताफे पाठविणाऱ्या धनाढ्य राष्ट्रांच्या अवाढव्य क्षमतेला लगाम घालणारा त्याचा दुसरा भाग अजून वाटाघाटीतच अडकला आहे. समुद्र ओरबाडला कोणी, आणि तपासणी कोणाच्या डिझेल परताव्याची? या प्रश्नावर आपल्या सरकारने लहान मच्छीमाराची बाजू मांडली आहे. ती त्याने सोडू नये.

इतके बोलल्यावर आपल्या अंगणातही पाहिले पाहिजे. महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटाला राज्यमासा म्हणून गौरविले. तोच पापलेट पुरता वाढण्याआधी, तळहाताएवढाही नसताना, बाजारात ढिगाने विकला जातो. तो पकडणारे जाळे परदेशी नाही. एल.ई.डी. दिवे लावून रात्री समुद्र उपसणारी बोट दर वेळी परक्याचीच असते, असेही नाही. व्यापाऱ्याची आगाऊ रक्कम घेतली, म्हणून जाळ्याचा आस आपणच बारीक केला असेल, तर परक्या राष्ट्रांना जाब विचारण्याचा आपला अधिकारही तेवढाच बारीक होतो.

म्हणून मागणे सरळ आहे. मासळीला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक कराराचा मसुदा सह्यांच्या आधी मच्छीमार सोसायट्यांपुढे, त्यांच्या भाषेत ठेवला जावा. निर्यातीच्या उत्पन्नातून लहान बंदरांना बर्फ, शीतगृह आणि मासळी विकणाऱ्या बायकांना छप्पर मिळावे. आणि पिल्लू मासळी पकडू नये, हा नियम आपण पोलिसांची वाट न पाहता आपल्याच बंदरावर पाळावा.

येत्या २१ नोव्हेंबरला जागतिक मच्छीमार दिन आहे. त्या दिवशी आपल्या धर्मग्रामांतील सभांत भाषणे होतील, हार घातले जातील. त्याआधी सोसायटीची एक बैठक बोलवावी आणि या तीन मागण्यांचा ठराव मंजूर करून मंत्रालयाकडे आणि दिल्लीकडे धाडावा. ठरावाने समुद्र वाचत नाही, हे खरे. पण ज्यांनी कधी काही मागितलेच नाही, त्यांची संमती गृहीत धरून आजवरचे करार झाले आहेत. निदान ती सबब तरी यापुढे कोणाला उरू नये.