गाडी तिकडेच विका, कागद मात्र घेऊन या

महाडच्या एस. टी. स्टँडवर पोलादपूरच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक ओळखीचे गृहस्थ येऊन बसले. बावीस वर्षे सौदीत काढलेला माणूस, दोन महिन्यांच्या रजेवर आलेला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्यांनी मुद्द्याला हात घातला. "चाचा, तुम्ही पेपरात लिहिता म्हणून विचारतो. पुढच्या वर्षी खुरूज घेतोय, कायमचा येतोय. गाडी चांगली आहे, हौसेने घेतलीय. ती कशी आणायची? मुंबईचा एक एजंट म्हणतो सगळं होऊन जाईल, स्टेअरिंगसुद्धा इकडचं उजवीकडे करून देतो. थोडे पैसे आगाऊ मागितलेत."

मी त्यांना पहिला प्रश्न केला, "दिलेत का?" ते गप्प राहिले. म्हणजे दिले होते.

महाड-पोलादपूर पट्ट्यात असा प्रश्न विचारणारे ते काही पहिले नव्हेत. आपल्याकडे घरटी एक माणूस आखातात, कुणाचे नातलग केपटाऊनला, कुणाचे इंग्लंडमध्ये. माणूस परत येतो तेव्हा फ्रीज, टीव्ही, गालिचे येतात, मग गाडी का येऊ नये, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. घामाच्या कमाईने घेतलेली वस्तू परक्या मुलखात मातीमोल किमतीला सोडून यायची, हे जिवाला लागते. म्हणूनच या विषयावर स्पष्ट बोलणे जरूर आहे, कारण न बोलण्याचा फायदा एजंट उठवतात.

आखातातून येणाऱ्यांसाठी उत्तर एका वाक्याचे आहे. सौदी, कुवेत, दुबई, ओमान, कतार, बहारीन, सगळीकडे गाडीचे स्टेअरिंग डाव्या बाजूला असते आणि आपल्या आयात धोरणात मोटारगाडीचे स्टेअरिंग उजव्या बाजूला असणे ही मूळ अट आहे. गाडी कितीही नवी असो, कितीही शुल्क भरायची तयारी असो, या अटीपुढे सगळे थांबते. इकडे आल्यावर स्टेअरिंग फिरवून घेऊ म्हणावे, तर अट गाडी बंदरात उतरतानाची आहे, गॅरेजमधून बाहेर पडतानाची नव्हे. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने केलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. अशी गाडी बंदरात अडकली तर सीमाशुल्क कायद्याने ती जप्त होऊ शकते, दंड लागू शकतो, परत पाठवायचा खर्च अंगावर येतो, आणि हा निकाल लागेपर्यंत बंदराचे जागाभाडे दिवसागणिक वाढत राहते. एजंट तोवर फोन उचलत नाही.

या अटीबद्दल सरकारला दोष द्यायला आम्ही तयार नाही. कशेडी घाटात किंवा पोलादपूरहून महाबळेश्वरला जाताना आंबेनळी घाटात डाव्या बाजूला बसून समोरच्या ट्रकला ओलांडायचे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने हे घाट चालवले आहेत त्यालाच येईल. समोरून काय येते आहे ते दिसण्यासाठी अर्धी गाडी आधी रस्त्यावर काढावी लागते. हायवे रुंद झाला, कशेडीला बोगदा झाला, तरी गावाकडचे रस्ते तेच आहेत. तेव्हा ही अट माणसांच्या जिवासाठी आहे, ती मान्य केली पाहिजे.

कोणी म्हणेल, मग केरळात, गोव्यात दुबईच्या नंबरप्लेटच्या डाव्या स्टेअरिंगच्या गाड्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत, त्या कशा फिरतात? त्या बहुतेक कार्नेटवर आलेल्या असतात. कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्ट समजा. ज्या देशात गाडी नोंदलेली आहे तिथली मोटार संघटना बँक हमी किंवा अनामत घेऊन तो देते. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन, १९१९ साली स्थापन झालेली, या कामासाठी ओळखली जाते. पाहुणा म्हणून आलेली ही गाडी साधारण सहा महिने फिरते आणि परत जाते. न गेल्यास हमीची रक्कम बुडते व पूर्ण शुल्काची मागणी येते. कायमचे परतणाऱ्याला कार्नेटचा काही उपयोग नाही. "कार्नेटवर आणू, मग बघू" असा सल्ला देणारा तुमचा हितचिंतक नाही.

आता दुसरा वर्ग. केपटाऊन, नैरोबी, इंग्लंड, मलेशिया या बाजूंकडून येणाऱ्यांच्या गाड्या उजव्या स्टेअरिंगच्याच असतात. त्यांना दार पूर्ण बंद नाही, पण ते इतके अरुंद आहे की शहाणा माणूस दारातूनच मागे फिरेल. वापरलेली गाडी तयार झाल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी. पुढची पाच वर्षे रस्त्यावर चालण्यालायक असावी आणि तिच्या दुरुस्तीची सोय असल्याची खात्री असावी. गाडी जहाजावर चढवण्याआधी तपासणीचा दाखला, इकडे आल्यावर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचणी. आणि जुन्या गाडीसाठी मुंबईचे सीमाशुल्क बंदर ठरवून दिलेले आहे. न्हावा-शेवा आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात, जगभरचे कंटेनर तिथे उतरतात, पण रायगडच्या माणसाच्या जुन्या गाडीला ते दार नाही. नंतर नोंदणीसाठी पेणच्या आर. टी. ओ. कडे जायचे ते वेगळेच.

खरा फटका शुल्काचा आहे. घरसामानाला वास्तव्य बदलताना ठराविक रकमेपर्यंत जी सवलत मिळते तिच्यात मोटारगाडी धरलेलीच नाही. आयात धोरणात कायमच्या वास्तव्यासाठी परतणाऱ्याचा उल्लेख येतो, त्यासाठी दोन वर्षे सलग परदेशी राहिलेले असावे आणि गाडी किमान एक वर्ष स्वतःच्या ताब्यात असावी असे म्हटले आहे. ते वाचून लोकांची आशा वाढते. पण त्याच ओळीत "पूर्ण शुल्क भरून" हे शब्द आहेत आणि ते सहसा कोणी वाचत नाही.

पूर्ण शुल्क म्हणजे किती, ते पाहा. जुन्या गाडीवर मूळ शुल्क १२५ टक्के होते, अधिभार धरून साडेसदतीस आणि शंभर, म्हणजे १३७.५ टक्के. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क ७० टक्क्यांवर आणले म्हणून वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. बरोबरीने ६७.५ टक्के कृषी अधिभार बसला. बेरीज करा, पुन्हा १३७.५. डाव्या खिशातून काढून उजव्या खिशात घातले, एवढाच फरक. त्यावर जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून लहान गाडीला १८ टक्के आणि मोठ्या गाडीला ४० टक्के, आणि तोही गाडीच्या किमतीवर नव्हे, किंमत अधिक शुल्क या बेरजेवर.

समजा तुमच्या गाडीची किंमत भाडे व विमा धरून ७ लाख रुपये ठरली. शुल्क झाले ९ लाख ६२ हजार ५००. बेरीज १६ लाख ६२ हजार ५००. गाडी मोठी असेल तर तिच्यावर ४० टक्के म्हणजे ६ लाख ६५ हजार. सात लाखांच्या गाडीसाठी सरकारला १६ लाख २७ हजार ५०० मोजायचे, आणि गाडी पडली २३ लाख २७ हजार ५०० ला. लहान गाडी असली तरी एकूण साडेएकोणीस लाखांच्या पुढे जाते. एवढ्या पैशांत नवी कोरी गाडी आणि वर बाजारपेठेत एखादा गाळा घेण्याइतके नाही तरी दुकानात माल भरण्याइतके पैसे उरतात.

सात लाख ही किंमत कोण ठरवणार, हाही प्रश्न आहे. "मी मित्राकडून दीड लाखाला घेतली" हे सांगून भागत नाही. कारखान्याच्या मूळ किमतीतून घसारा वजा करण्याची रूढ पद्धत आहे. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. तीन वर्षांत अवघे ३८ टक्के उतरतात. बाजारात मात्र गाडीची किंमत त्याहून कितीतरी झपाट्याने पडलेली असू शकते.

इथे आमची सरकारकडे तक्रार आहे. उजव्या स्टेअरिंगची अट जिवासाठी आहे, पण हे शुल्क कशासाठी? देशी कारखान्यांना संरक्षण हवे, हे मान्य. पण आयुष्यात एकदाच, दहा-पंधरा वर्षे परदेशी राबून, ज्याच्या पैशावर इकडची घरे, शाळा आणि दवाखाने चालले, तो स्वतःच्या नावावरची एक उजव्या स्टेअरिंगची गाडी घेऊन आला तर कोणत्या कारखान्याचे दिवाळे निघणार आहे? पाच वर्षे विकायची नाही असा शिक्का मारा, नोंदणी पुस्तकात लिहा, पण शुल्क नव्या देशी गाडीवरील कराच्या जवळपास आणा. ही मागणी आपल्या भागातील लोकप्रतिनिधींनी मांडायला हवी.

अर्थात सवलत का गेली, याचेही उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल. एके काळी "पासपोर्टवर गाडी" हा सरळ धंदा झाला होता. गाडी कुणा धनिकाची, पैसे त्याचे, आणि कागदावर नाव परतणाऱ्या एखाद्या मजुराचे. मजुराला चार पैसे मिळत, गाडी तो एकदाही चालवत नसे, आणि चौकशी आली की नोटीस त्याच्या गावच्या पत्त्यावर. खोट्या सहीची किंमत खऱ्या परतणाऱ्यांनी भरली. हे प्रकार संपलेत असेही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क खात्याने "ऑपरेशन नुमखोर" नावाने छापे घातले. भूतानमार्गे जुन्या महागड्या गाड्या आणून बनावट कागदांवर इतर राज्यांत नोंदल्याचा खात्याचा आरोप होता. ज्यांनी त्या पुढे विकत घेतल्या त्यांच्याही दारात अधिकारी आले. पासपोर्टची प्रत मागणाऱ्या एजंटाला हे जरूर सांगावे.

मग करायचे काय? गाडी तिकडेच विका, पण शेवटच्या आठवड्यात नव्हे. तिकीट काढलेल्या माणसाची गाडी कोणीही निम्म्या किमतीत मागतो. चार-सहा महिने आधी विकायला काढा. गाडीवर कर्ज असेल तर ते फेडून बँकेचा दाखला घ्या. सौदीत तुमच्या नावावर गाडी असेपर्यंत खुरूज मिळत नाही, तेव्हा इस्तिमारा दुसऱ्याच्या नावावर झाल्याची खात्री स्वतः करा. "तू जा, मी नंतर नाव बदलतो" म्हणणारा दोस्त कितीही जिवलग असो, त्याने केलेला अपघात आणि दंड तुमच्या नावावर लागतो.

आणि कागद. कागदांची गोष्ट आम्ही कुवेतवाल्यांकडून शिकलो. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवले. तेव्हा तिथे दीड लाखाहून अधिक भारतीय होते, आपल्या कोकणातले त्यात कमी नव्हते. कित्येकांनी स्वतःच्या गाड्यांत बायकापोरे घालून इराकमार्गे जॉर्डन गाठले, अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला आले आणि गाड्या तिकडेच राहिल्या. पुढे १९९१ साली संयुक्त राष्ट्रसंघाने नुकसानभरपाईचा आयोग नेमला. व्यक्तींच्या दाव्यांमध्ये मोटारगाडीच्या नुकसानीसाठी वेगळा कप्पा होता. ज्याने पळताना गाडीचे दफ्तर खिशात घातले होते त्याच्या दाव्याला आधार होता. ज्याने गाडीच्या कप्प्यात सोडले त्याला शपथपत्रे आणि साक्षीदार गोळा करत फिरावे लागले. गाडी दोघांचीही गेली होती.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. आज आखातात फिरणाऱ्या गाड्यांपैकी काही आपल्याच देशात बनतात. चेन्नईच्या बाजूला ह्युंदाईचा कारखाना आहे, तिथून डाव्या स्टेअरिंगच्या गाड्या जहाजाने तिकडे जातात. आपला माणूस जेद्दाहमध्ये ती विकत घेतो आणि चेन्नईत जन्मलेली तीच गाडी त्याला पोलादपूरला आणता येत नाही. पण तिची उजव्या स्टेअरिंगची बहीण इथे शोरूममध्ये उभी असते, सुटे भाग पनवेलला मिळतात आणि मिस्त्रीही तिला ओळखतो. परदेशी गाडीचा एक सेन्सर गेला तर मागवायला महिना लागतो. २२ जुलै २०२१ चा महाडचा पूर आठवा. सावित्रीचे पाणी गल्ल्यांत शिरले आणि उभ्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यातल्या देशी गाड्या टेम्पोवर चढवून कुठल्या ना कुठल्या वर्कशॉपला नेता तरी आल्या. तेवीस लाखांची परदेशी गाडी त्या चिखलात उभी असती, तर तिचा भाग कुठून आणला असता?

हे सगळे त्या गृहस्थांना सांगेपर्यंत पोलादपूरची एस. टी. लागली. ते चढले, खिडकीशी बसले आणि विचारले, "मग चाचा, तिकडेच विकू?" मी म्हटले, "रजा संपायच्या आत एजंटाकडे जा, पैसे परत माग आणि दिलेल्या पासपोर्टच्या प्रतीही परत घे."

प्रती परत मिळाल्या. पैशांसाठी ते अजून फेऱ्या घालत आहेत.