आडवाटेचे रक्त आणि आडवाटेचा जिल्हा

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षास आग लागून दहा अर्भके दगावली. अशा जिल्ह्यात बालकांच्या यकृतातील रक्तवाहिन्यांच्या जन्मजात दोषावरील अद्ययावत उपचारांची चर्चा काहींना चैनीची वाटेल. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न एकाच हिशेबाचे आहेत.

आतड्यांकडील रक्त पोर्टल नावाच्या नीलेवाटे यकृतात जाते व तेथे शुद्ध होऊन हृदयाकडे येते. काही बालकांत मात्र या रक्तास जन्मतःच आडवाट असते. ते यकृताला वळसा घालून परस्पर पुढे जाते. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन ॲबरनेथी यांनी १७९३ मध्ये असा दोष नोंदविला होता. रक्तात वाढलेला अमोनिया मेंदूस बाधतो, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो, यकृतात गाठी होतात. घरच्यांना आणि शिक्षकांना दिसते ते एवढेच, की मूल अभ्यासात मागे आहे व त्यास लवकर दम लागतो.

यकृताच्या आतील लहान आडवाटा पुष्कळदा पहिल्या एकदोन वर्षांत आपोआप मिटतात. इतर अनेक आडवाटा आता पोट न फाडता बंद करता येतात. मानेतील वा मांडीतील शिरेतून बारीक नळी आत नेऊन, प्रथम फुग्याने वाट तात्पुरती अडवून दाब मोजतात. दाब सोसण्याजोगा असेल तर तेथे कायमचे बूच बसवितात. तसे नसेल तर वाट टप्प्याटप्प्याने बंद करावी लागते.

हा दोष साधारणतः तीस हजार जन्मांमागे एकास असतो, असा अंदाज सांगितला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार भंडाऱ्याची लोकसंख्या सुमारे बारा लाख. हजारी पंधरा जन्म धरले, तर वर्षाला अठरा हजार. म्हणजे दोनएक वर्षांत एक मूल. एवढ्यासाठी जिल्ह्यात स्वतंत्र यंत्रणा उभारणे अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर टिकणार नाही. अशी कौशल्ये मोठ्या केंद्रांतच एकवटली पाहिजेत, कारण हात सरावानेच बसतो.

परंतु उपचार दूर असला तरी निदान जवळ हवे. त्यासाठी डॉप्लर सोनोग्राफी आणि ती वाचणारा जाणकार एवढे प्रथम पुरते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत मुले तपासतात. म्हणजे चाळण आहे. शासनाच्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत गेले आहे. म्हणजे पैसाही आहे. मात्र हा पैसा मुख्यतः मूल रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो. तत्पूर्वीच्या नागपूरच्या खेपा, रोवणीच्या दिवसांत बुडालेली मजुरी, चुकलेल्या निदानात गेलेली वर्षे यांचा भार कुटुंबावरच पडतो. दुर्दैव असे, की उशीर झाला की आजारही बळावतो आणि उपचारही महागतो.

म्हणून मागणी भव्य रुग्णालयाची नाही. संशयित बालकाची तपासणी ठरलेल्या मुदतीत व्हावी, प्रवासखर्च व बुडालेली मजुरी योजनेतून मिळावी आणि नवजात कक्षाची विद्युतव्यवस्था नियमाने तपासली जावी, इतकीच ती आहे. ज्या जिल्ह्यात साध्या गोष्टी बिनचूक होतात, तेथील बालकांपर्यंतच असामान्य उपचार पोचतात. २०२१ च्या त्या पहाटेने आपणास एवढे तरी शिकवावयास हवे होते.