दाढेतली तार

हा लेख डाव्या गालावर हात ठेवून लिहितोय. अक्षराला वाकडं वळण दिसलं तर सांभाळून घ्या. सोमवारी रात्री अकराला खालची दाढ ठणकायला लागली. दुखणी दवाखाने बंद झाल्यावरच सुरू होतात, हे मी या सदरात कंबर, कान आणि गॅस सिलिंडर यांच्या संदर्भात आधीच मांडलेलं आहे.

दाढ जणू बाकीच्यांपेक्षा उंच झाली होती. तोंड मिटलं की सगळ्यांच्या आधी ती हजर!

सकाळपर्यंत बातमी सोसायटीत फुटली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी लवंगा पाठवल्या. अण्णांनी तंबाखूची चिमूट सुचवली, वर स्वतःची डबीही पुढे केली. मेडिकलवाल्याने न विचारता गोळ्यांची पट्टी कापून दिली. गेल्या दिवाळीत याच पट्टीने दुखणं तीन दिवसांत पळालं होतं. ते कुठे पळालं होतं, ते आत्ता कळलं.

कुठेच नाही. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेवर मुळाच्या टोकाशी मसुराएवढी काळी सावली दाखवली. ‘काका, हे आजचं नाही. दाढेतली नस केव्हाच मेलीय. आत जंतू, टोकाशी सूज, वर्षानुवर्षं गपगार. मधूनच उसळते.’ मेलेल्या नसेत रक्त पोचत नाही, मग गोळीचं औषध तरी कसं पोचणार? दाढ उघडायची, पू वाहू द्यायचा, नळ्या धुवून औषध भरायचं आणि सूज उतरली की त्या बुजवायच्या. नाहीतर दाढ काढायची.

बुजवायचं कशाने? त्यांनी बारीक गुलाबी काड्या दाखवल्या. गटापर्चा.

हे नाव मात्र माझ्या डोक्यात घुसलं. घरी येऊन, ओठ बधीर असतानाच, पुस्तकं काढली. मलायाकडच्या झाडाचा चीक! समुद्राखालून जाणाऱ्या तारांना याचंच वेष्टण असायचं. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अगडबंब जहाजाने मुंबई ते एडन अशी तार टाकली, तिच्यातही हेच. विलायतेचे कापसाचे भाव ज्या चिकाच्या भरवशावर मुंबईत यायचे, तो गुरुवारी माझ्या दाढेत उतरणार.

हे सगळं मी हिला उत्साहाने सांगितलं. बधीर ओठांतून ‘ग्रेट ईस्टर्न’चं काय झालं देव जाणे.

‘शिराच हवा ना? मग नीट सांगा की,’ म्हणत ती स्वयंपाकघरात गेली.