कपातीचे दान आणि हातचे दान



गळीत हंगाम जोरात असतो, गव्हाणीत उसाची मोळी पडून महिना होत आलेला असतो, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टोळीतली काही माणसे मुकादमाकडे सुट्टी मागतात. कुठे जायचे? तर दादरला, चैत्यभूमीला. मग आपल्यातले काहीजण फडाच्या बांधावर उभे राहून कुरकुर करतात, "ऐन हंगामात कसली यात्रा काढलीय!" ऊस तुटून पडला तर वाळतो, वजनात घट येते, हे खरेच. पण ही माणसे तिथे कशाला जातात आणि तिथे काय घडते, याची चौकशी आपण कधी केली आहे काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत गेले. दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या जागी १९७१ साली चैत्यभूमीचा स्तूप उभा राहिला. दरवर्षी लाखो लोक तिथे येतात. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली ही माणसे जवळच्या शिवाजी पार्कच्या मैदानात उतरतात. आपल्याबरोबर भाकरी बांधून आणतात, पण ती किती दिवस पुरणार? तेव्हा त्यांना जेवू कोण घालते? मोठे शेठ-सावकार नव्हेत. बँका, विमा, रेल्वे, महापालिका यांतल्या नोकरदारांच्या संघटना आपापसांत वर्गणी काढतात, मांडव घालतात. कुणी पाणी देतो, कुणी डॉक्टर फुकट तपासतो. वर्गणी देणारा स्वतः पंगतीत वाढायला उभा असतो. तू कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, असे कुणी विचारत नाही. घेणाऱ्यालाही ओशाळे वाटत नाही, कारण तो भिक्षा घेत नसतो, भावाच्या घरी जेवत असतो.

हे नुसते औदार्य नव्हे. तो त्यांच्या धर्माचा भाग आहे. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दहा पारमिता पाळण्याची प्रतिज्ञा आहे, आणि दान ही त्यांतली एक पारमिता आहे. परतफेडीची अपेक्षा न ठेवता दुसऱ्याच्या भल्यासाठी देणे, असा त्याचा अर्थ. १९५४ साली आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी सांगितले होते की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाकडून घेतली. त्यांतही बंधुतेला त्यांनी सर्वांत वरचे स्थान दिले. बंधुता नसेल तर बाकी दोन्ही कागदावर राहतात.

आणि ही काही एकाच समाजाची गोष्ट नाही. मुसलमान बांधव जकात म्हणून शिलकीचा चाळिसावा हिस्सा काढतो. शीख कमाईचा दहावा हिस्सा धर्मकार्याला देतो. आपल्या वारीत तर माळकरी एकमेकांच्या पाया पडतात आणि वाटेवरची गावे दिंड्यांना जेवू घालतात. गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः त्यांत घर केले नाही. पंढरपूरचे आपले वसतिगृह त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केले. दादरमध्ये त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही चालते. परळच्या टाटा रुग्णालयात गावाकडचा रोगी नेला की नातेवाइकांना तिचा केवढा आधार होतो, हे ज्यांच्यावर वेळ आली त्यांना विचारा. म्हणजे दादरचे दान आपल्या दारीही पोचलेले आहे.

आता आपल्याकडे पाहू. १९५० साली प्रवरेचा कारखाना उभा राहिला, तो शेतकऱ्यांनी जमवलेल्या भागभांडवलावर. विठ्ठलराव विखे पाटील त्यासाठी गावोगाव फिरले. सहकार म्हणजे तरी काय? भाऊबंदकी सोडून भाऊपणा धरणे! पण त्या भाऊपणाची हद्द आपण शेअर सर्टिफिकेटापाशी आखली. उसाच्या बिलातून कपात होते, ती ठरावाने होते. ती भरल्यावर आपल्याला वाटते, झाले आपले दान. अहो, कपात हा हिशोब आहे. ती जिथे जाते तिथे आपण जात नाही, आणि ज्याला मिळते त्याचे तोंड आपण बघत नाही.

कुणी म्हणेल, खताचे भाव काय, सोसायटीचे कर्ज काय, आमचेच भागत नाही. खरे आहे. पण शिवाजी पार्कवर वाढणारेही पगारावर जगणारेच असतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मजुराला दान नको, त्याचा हक्क द्या. हा मला पूर्ण मान्य आहे. मजुरीत काटा मारायचा आणि सप्ताहाला पंगत द्यायची, याला दान म्हणत नाहीत. आधी ठरलेली मजुरी चोख, मग दान. उचलीच्या ओझ्याखाली असलेल्या माणसाला दोन दिवस मोकळे करणे, हेसुद्धा देणेच आहे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, ६ डिसेंबरला ज्यांना दादरला जायचे आहे त्यांची नावे मुकादमाने आठवडाभर आधी शेतकी विभागाला द्यावीत, म्हणजे तोडीचा कार्यक्रम तसा लावता येईल. दुसरी, चैत्यभूमीवर हार-फुलांऐवजी एक वही, एक पेन आणण्याची प्रथा अलीकडे रुजली आहे. आपणही कोप्यांवरच्या पोरांसाठी वह्या-पुस्तके स्वखुशीने द्यावीत, ती बिलातून कापू नयेत. देणाऱ्यांची यादी छापू नये, फलकही लावू नये. तिसरी, ज्याच्या शिवारात टोळी उतरली त्याने त्या पोरांना स्वतः जवळच्या शाळेत नेऊन गुरुजींच्या हवाली करावे. हंगाम संपेपर्यंत ती पोरे आपल्याच गावची आहेत.

ज्या हातांनी तोडलेल्या उसावर आपला काटा चालतो, त्या हातांची पोरे पाचटात खेळत राहावीत आणि आपण देवळाच्या पायरीवर नाव कोरावे, हे माळकऱ्याला शोभत नाही. यंदाच्या वार्षिक सभेपर्यंत थांबायचे कारण नाही. हे काम ठरावाशिवाय होण्यासारखे आहे.

– एक ऊस उत्पादक सभासद