भिंतीवर एक थाप

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर थोरल्या भावाच्या नातवाने एक व्हिडिओ टाकला. 'चंद्राची लपवलेली सत्यं' असं काहीसं नाव. चंद्र आतून पोकळ आहे, त्यावर काही आपटलं की तो घंटेसारखा वाजतो, पहिल्या अंतराळवीरांना यानाबाहेर चमकणारे जीव दिसले होते, आणि हे सगळं आपल्यापासून दडवून ठेवलंय, वगैरे वगैरे. मागे छातीत धडकी भरवणारं संगीत. खाली नातवाची पुरवणी : "आजोबा, तुम्ही मास्तर होतात ना? द्या आता उत्तर!" त्याच्याखाली अकरा जणांनी डोळे विस्फारलेले चेहरे चिकटवलेले. त्यात दोन माझे माजी विद्यार्थी!

आता मी मराठीचा मास्तर. बी.ए. झालो तेही मराठी माध्यमातून. मला कोणी ग्रहगोलांचा जाणकार समजू नये. पण या विषयावर गप्प बसणं मला जमणार नाही, कारण आकाशातल्या गूढापायी आमच्या घराने एकदा फार मोठी किंमत मोजलेली आहे. नातवाला ती गोष्ट ठाऊक नाही. ती किंमत त्याच्याच आजोबांनी मोजली.

गोष्ट १९६२ सालची. पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव. मी अकरा वर्षांचा, भाऊ चौदाचा, सातवीत. त्या वर्षी ३ ते ५ फेब्रुवारीला, पौष अमावास्येच्या सुमारास, मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार होते. अष्टग्रही! प्रलय होणार, भूकंप होणार, पृथ्वी दुभंगणार, असं देशभर उठलं होतं. मोठ्या शहरांत यज्ञ चालू होते. आमच्या गावात यज्ञाची वर्गणी फिरली. दादांनी, म्हणजे वडिलांनी, बैलजोडी काढली आणि निम्म्या किमतीत एका व्यापाऱ्याला देऊन टाकली. थोडे पैसे वर्गणीला गेले, थोडे गोडधोडाला. मरायचंच आहे तर पोरांना पुरणपोळी तरी पोटभर मिळू दे, एवढाच त्या भल्या माणसाचा विचार.

आई निरक्षर. अंगठा उठवणारी. तिने चुलीपुढून एकच प्रश्न विचारला : "समदं बुडणार हाये, तर मंग त्यो बैलं कशापायी घेतोय?"

दादांकडे उत्तर नव्हतं. ते तिच्यावर खेकसले. ६ फेब्रुवारीला सूर्य नेहमीसारखा उगवला, आणि दावणीला बैल नव्हते. त्या उन्हाळ्यात भावाची शाळा सुटली. बैलांसाठी घेतलेली उचल फेडायला तो दोन वर्षं सालगडी म्हणून राहिला आणि पुन्हा कधी शाळेत गेला नाही. वर्गात त्याचा पहिला नंबर असायचा. माझा कधीच आला नाही.

पुढे मोठेपणी कळलं की त्या आठांत सूर्य आणि चंद्र धरलेले होते, जे ग्रहच नव्हेत. आठवा केतू. तो तर वस्तूच नाही. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला जिथे छेदतो असा एक बिंदू. म्हणजे आठ ग्रहांतले खरे ग्रह पाच. एका न दिसणाऱ्या बिंदूला घाबरून आम्ही दोन दिसणारे बैल घालवले!

आता योगायोग पाहा. त्याच महिन्यात, २० फेब्रुवारी १९६२ ला, जॉन ग्लेन या अमेरिकन अंतराळवीराने पृथ्वीला तीन फेऱ्या मारल्या. सूर्योदयाच्या वेळी त्याला यानाबाहेर काजव्यांसारखे असंख्य चमकणारे ठिपके तरंगताना दिसले. त्याने ते लगेच जमिनीवर कळवलं. काय आहे ते त्याला सांगता येईना, जमिनीवरच्यांनाही येईना. नातवाच्या व्हिडिओतले 'चमकणारे जीव' ते हेच. व्हिडिओ तिथेच संपतो.

गोष्ट मात्र तिथे संपत नाही. तीनच महिन्यांनी, २४ मे १९६२ ला, स्कॉट कार्पेंटर वर गेला. त्यालाही ते ठिपके दिसले. त्याने काय केलं? आतून यानाच्या भिंतीवर थाप मारली. थाप मारल्याबरोबर बाहेर काजव्यांचा नवा थवा उडाला! यानातून निघणारी वाफ बाहेरच्या थंडीत गोठून पत्र्यावर चिकटत होती; तिचे कण सुटून उन्हात चमकत होते. काजवे म्हणजे हिमाचे कण. आणि हे कुणी दडपलं वगैरे नाही, जगजाहीर आहे.

गूढ विकणारा आणि शोधणारा यांच्यातला फरक मला इथे दिसतो. "मला काहीतरी दिसलं" हे ग्लेनचं वाक्य प्रामाणिक आहे, त्याला माझा नमस्कार. पण विकणारे त्याच वाक्याची साठ वर्षं पारायणं करतात आणि कार्पेंटरच्या थापेचं नाव काढत नाहीत. माझ्या मते ही सरळ लबाडी आहे. आईचा प्रश्न हीसुद्धा तसलीच एक थाप होती. दादांनी ती ऐकली असती तर बैल वाचले असते, आणि भावाची शाळाही.

आता वाजणारा चंद्र. तो खरंच वाजला! नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ च्या मंडळींनी काम झाल्यावर आपल्या चांद्रयानाचा वरचा भाग मुद्दाम चंद्रावर आपटला. तिथे ठेवलेल्या भूकंपमापकावर जवळजवळ तासभर कंपनं उमटत राहिली. हीसुद्धा एक थापच, चंद्राच्या भिंतीवर मारलेली. पुढच्याच वर्षी दोन रशियन लेखकांनी 'स्पुटनिक' मासिकात लिहिलं की चंद्र हे परग्रहवासीयांचं पोकळ यान आहे. ती वावडी अजून जिवंत आहे.

आमच्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा टांगलेला तुकडा. आतून बाहेरून भरीव लोखंड. टोला दिला की गावाच्या वेशीपर्यंत घुमायचा. तोच तुकडा चिखलात ठेवून टोला द्या, नुसतं 'थप्प' होईल. वाजण्यासाठी पोकळ असावंच लागतं असं नाही. कंपनं गिळून टाकणारं काही नसलं की पुरे. पृथ्वीच्या खडकांत पाणी मुरलेलं आहे, ते कंपनं लवकर जिरवतं. चंद्राचा वरचा थर कोरडा ठणठणीत आणि उल्कांच्या माराने पिचलेला. तिथे कंपनं इकडून तिकडे आदळत रेंगाळतात. शिवाय चंद्राची सरासरी घनता पाण्याच्या ३.३४ पट आहे. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण पाण्याच्या साधारण तिप्पट जड भरतो. पोकळ गोळा भरीव दगडापेक्षा जड कसा भरेल, हे चौथीतलं पोरगंही विचारील.

आणि दडवलं म्हणजे काय हो? अपोलोच्या सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगडमाती आणली आणि त्यातले नमुने जगभरच्या प्रयोगशाळांना दिले. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दगडांतल्या स्फटिकांवर विश्वकिरणांनी पाडलेले ओरखडे मोजले. आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्याने अपोलो ११ उतरलं ती जागाही टिपली. आणि त्या काळात रशिया तर अमेरिकेचं पितळ उघडं पाडायला टपूनच बसलेला होता. दडवायचं होतं तर चांगलंच दडवलं म्हणायचं!

"पण मास्तर, आपल्याकडे दिवे दिसतात त्याचं काय?" दिसतात ना! मीही पाहिलेत. आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) खारे कर्जुनेजवळ लष्कराचं के. के. रेंज हे सरावाचं मैदान आहे. रात्रीच्या सरावात उजेडासाठी सोडलेला गोळा छत्रीला लटकून सावकाश खाली येतो. ज्याला ठाऊक नाही त्याला तो हवेत थांबलेला दिवाच वाटणार. एका रांगेत मुकाट जाणारे दिवे हल्ली बहुधा स्टारलिंकचे उपग्रह असतात. २०१९ पासून ते झुंडीने सोडले जातात. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, निम्म्या महाराष्ट्राने आकाशात जळत जाणारे गोळे पाहिले. आमच्या गटावर रात्री दहाच्या आत परग्रहवासी उतरलेसुद्धा! चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीला तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं. ते चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा अवशेष असल्याचं कक्षेच्या हिशेबावरून जाणकारांनी सांगितलं. ती बातमी मात्र गटावर कोणी टाकली नाही. मी टाकली, तिला दोन अंगठे मिळाले. त्यातला एक माझ्या सूनबाईंचा.

आकाशातून खरोखर आलेला पाहुणा हवा असेल तर तोही आपल्याच जिल्ह्यात आहे. १८६६ साली जामखेडला एक अशनी पडला. जगाच्या अशनींच्या यादीत त्याची 'जामखेर' अशी नोंद आहे, वजन अवघं २२ ग्रॅम. सूर्यमाला घडत होती तेव्हाचा तो दगड! त्याच्यासाठी कोणी पार्श्वसंगीत वाजवत नाही. जामखेडच्या किती पोरांना हे शाळेत सांगितलं जातं?

आता एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सगळ्याच दृश्यांचा उलगडा होतो का? नाही होत. अमेरिकेच्या हवाई दलाने १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी तपासल्या, त्यातल्या ७०१ न उलगडलेल्या राहिल्या. राहू देत की! उलगडलं नाही म्हणजे परग्रहवासी आले, हे कुठलं गणित? माझ्या हातात आलेल्या उत्तरपत्रिकेतलं एखादं अक्षर लागलं नाही, तर ते संस्कृत आहे असं मी ठरवत नसे. न लागलेलं अक्षर न लागलेलंच ठेवायचं आणि पुन्हा पाहायचं.

इथवर मी दुसऱ्यांना बोललो. आता स्वतःकडे येतो, नाहीतर हा लेख म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान.

जुलै १९७९. अमेरिकेची स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा पडणार म्हणून घबराट उडाली होती. सतराहून अधिक वर्षांपूर्वीची अष्टग्रही पुन्हा आल्यासारखं वातावरण. कोंबड्या-बकरी कापून खाणं चालू. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, एका गावी नववीचा वर्गशिक्षक. एक मुलगा उठून म्हणाला, "सर, ती पडणार हे कळतं, तर कुठं पडणार ते का कळत नाही?"

केवढा सुरेख प्रश्न! मला उत्तर येत नव्हतं. मी काय करावं? "मला ठाऊक नाही, शोधू या" म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "जास्त शहाणा झालास का? पुस्तक काढ." आणि वर एक छडी दिली.

उत्तर मी बऱ्याच वर्षांनी वाचलं. सूर्य खवळला की वातावरणाचा वरचा थर फुगतो, उपग्रहाला जास्त घासतो आणि त्याचा वेग कमी-जास्त प्रमाणात खातो. किती, ते आधी नेमकं सांगता येत नाही. वस्तू सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास धावत असते. पडण्याच्या वेळेत अर्ध्या तासाची चूक झाली तर जागा सुमारे चौदा हजार किलोमीटरने चुकते. ११ जुलैला स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. हे मला त्या वर्गात फळ्यावर मांडता आलं असतं. निदान दुसऱ्या दिवशी तरी.

तो मुलगा पुढे पंचवीसेक वर्षांनी शेवगावच्या एस.टी. स्टँडवर भेटला. पाया पडला. मी त्याला त्या प्रश्नाची आठवण केली. त्याला प्रश्न आठवत नव्हता. छडी आठवत होती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की गूढाचा हा बाजार नुसत्या व्हिडिओवाल्यांनी वसवलेला नाही. आम्ही मास्तरांनी त्यांना जागा करून दिली. ज्या पोरांचे प्रश्न आम्ही छडीने बसवले, ती पोरं मोठी झाली आणि जो कोणी त्यांचं कुतूहल गोंजारील त्याच्याकडे गेली. व्हिडिओवाला निदान "तुला प्रश्न पडतो ना?" असं विचारतो तरी! तो उत्तर खोटं देतो ही गोष्ट वेगळी.

तेव्हा बाळा, तुझ्यावर मी रागावलेलो नाही. तू विचारलंस हे चांगलंच केलंस. फक्त पुढचा व्हिडिओ गटावर टाकण्याआधी दोन गोष्टी कर. त्यात सांगितलेली घटना पुढे काय झाली, ते शोध. आणि तुझ्या पणजीचा प्रश्न विचार : सगळं बुडणार आहे, तर हा बैल कशाला घेतोय? म्हणजे यात कमावतंय कोण?

तुझे आजोबा असते तर त्यांनीही तुला हेच सांगितलं असतं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं असतं. ते आमच्यातले हुशार होते.