हातचे काम : आटे गेलेले भोक पुन्हा कामाला लावा



मागच्या वेळी आपण गळक्या नळाच्या वायसरबद्दल बोललो. आजचा विषय आट्यांचा. स्क्रू पिळला की नुसताच गोल फिरतो, धरत नाही, आणि बोटाने ओढला तर अलगद बाहेर येतो. कोणी म्हणते आटे गेले, कोणी म्हणते चुडी गेली, कोणी म्हणते स्क्रू स्लिप झाला. मिक्सरच्या तळाला हे होते, सायकलच्या कॅरियरला होते, कपाटाच्या बिजागरीला होते. तिथे फार तर गैरसोय होते. पण शिलाई मशीनचा एक स्क्रू असा गेला तर घरची रोजी बंद पडते.

आपल्या वस्त्यांतून किती मशिने चालतात ते पाहा. कोणी जुने विकत घेतलेले, कोणाला जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून मिळालेले, कोणाला माहेरून आलेले. परकर, ब्लाउज, शाळेचे गणवेश, लग्नसराईत फॉल-पिको. नगावर पैसे मिळतात, त्यामुळे मशीन दोन दिवस बंद म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली. कारागीर येतो, पाहतो आणि म्हणतो, ‘बाई, बॉडीच गेली, नवीन घ्या.’ पुष्कळदा बॉडीला काहीही झालेले नसते. एका भोकाचे आटे गेलेले असतात, आणि तेवढे काम घरी होते.

आधी नुकसान किती ते समजून घेऊ. सहा मिलिमीटरचा साधा बोल्ट घ्या. त्यासाठी भोक पाडतात पाच मिलिमीटरचे आणि मग त्यात आटे कापतात. म्हणजे बोल्टला जे धरून ठेवते ते प्रत्येक बाजूचे जेमतेम अर्धा मिलिमीटर लोखंड. शिलाई मशीनचे स्क्रू याहून बारीक, त्यांचे आटे आणखी उथळ. स्क्रू वाकडा घुसवला, जोर करून पिळला, किंवा जवळपासच्या मापाचा दुसराच स्क्रू दामटून बसवला की ही कड खरवडून निघते. बिडाच्या भोकात काळी भुकटी दिसते, अ‍ॅल्युमिनियममध्ये चांदीसारखी तार निघते. मशीनच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. जुन्या काळ्या मशिनांच्या स्क्रूंचे आटे बाजारातल्या मिलिमीटरच्या स्क्रूंशी जुळत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातला ‘तसाच दिसणारा’ स्क्रू आणून पिळला की उरलेसुरले आटेही जातात. स्क्रू आणायचा तर मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानातून, जुना नमुना हातात घेऊन.

आणि दुकानात आधीच जा. आटे भोकाचे गेले की स्क्रूचे, हे पाहिल्याशिवाय डिंक-गोंदाला हात लावू नका. स्क्रू उजेडात धरा. त्याचे दाते बोथट झाले असतील तर नवा स्क्रू आणून हाताने फिरवून पाहा. तो धरला तर काम तिथेच संपले, दहा-वीस रुपयांत. भोक आरपार असेल आणि मागे हात पोहोचत असेल, तर लांब बोल्ट घालून मागून वायसर आणि नट लावा. नटासारखी पक्की दुरुस्ती कुठल्याही ट्यूबमध्ये मिळत नाही. लाकडात स्क्रू ढिला झाला असेल तर फेविकॉलमध्ये बुडवलेल्या दोन-तीन काड्या भोकात ठोकाव्यात, वाळल्यावर तासून पुन्हा स्क्रू पिळावा. एवढ्यासाठी महागाची वस्तू वापरू नये.

हे तिन्ही उपाय लागू पडत नाहीत तेव्हा इपॉक्सी. म्हणजे दोन ट्यूबांचा तो गोंद, ज्याला आपण सगळे अ‍ॅराल्डाइट म्हणतो. एका ट्यूबमध्ये राळ, दुसरीत ती घट्ट करणारे द्रव्य. लहान जोडी शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळते. पाच मिनिटांत सुकणारा प्रकार घेऊ नका, सावकाश सुकणारा घ्या. घाईचा गोंद ताकदीला कमी, आणि स्क्रू सरळ करेपर्यंत तो वाट पाहत नाही. एम-सील हेही याच जातीचे, पण कणकेसारखे. भोक फार मोठे झाले असेल तर ते बरे, बारीक आट्यांत मात्र ते नीट शिरत नाही.

आता मशीनवरचे काम. सुईखाली जी चकचकीत पोलादी पाटी असते ती स्क्रूंनी बसवलेली असते. तिच्या एका स्क्रूचे आटे गेले की पाटी सरकते, सुई पाटीच्या भोकाच्या काठावर आपटते आणि तुटते. दिवसाला तीन-चार सुया तुटू लागल्या तर आधी ही पाटी हलवून पाहा. इथे उष्णता नाही, ओझे नाही, फक्त पाटी जागेवर राहायला हवी. इपॉक्सीसाठी याहून योग्य जागा नाही.

पाटी काढा, बॉबिनची डबी काढा, खालच्या भागावर चिंधी पसरा म्हणजे थेंब आत जाणार नाही. मग स्वच्छता. दहापैकी नऊ वेळा काम फसते ते इथे, कारण मशीनचे भोक म्हणजे वर्षानुवर्षांच्या तेलाचे घर, आणि तेलावर इपॉक्सी धरत नाही. वर वर पुसून भागत नाही. काडीला कापूस गुंडाळून थिनरमध्ये बुडवा आणि भोकात फिरवा, कापूस पांढरा निघेपर्यंत. तीन-चार काड्या लागतील. नखांचे पॉलिश काढायचे अ‍ॅसिटोनही चालते, मात्र त्यात तेल मिसळलेले नसावे. रॉकेलने भागवू नका, ते स्वतःच तेलकट थर ठेवते. खिडकी उघडी ठेवा, जवळ शेगडी, उदबत्ती, बिडी काही नको. नंतर टोकदार खिळ्याने किंवा बारीक कानशीने भोकाची आतली बाजू खरवडा, पुन्हा एकदा थिनर फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. आतली भिंत खडबडीत हवी. गुळगुळीत भिंतीतून सुकलेला गोंद बुचासारखा सबंध निघून येतो.

दुसरी जपायची गोष्ट म्हणजे स्क्रू. तो तसाच कोरडा घातला तर इपॉक्सी त्यालाही धरून ठेवेल आणि स्क्रू जन्माचा आत बसेल. म्हणून स्क्रू किंचित गरम करून त्यावर मेणबत्ती घासा. मेण आट्यांत वितळून शिरेल. मग चिंधीने पुसा, इतके की आटे स्वच्छ दिसावेत आणि मेणाचा पातळ हात तेवढा राहावा. पाटीच्या खालच्या बाजूला, स्क्रूच्या भोकाभोवतीही मेण लावा. हे मेण मशीनच्या भोकाला मात्र लागू देऊ नका. सगळी कारागिरी एवढीच आहे: एका बाजूला चिकटले पाहिजे, दुसऱ्या बाजूला चिकटता कामा नये.

प्लास्टिकच्या झाकणावर दोन्ही ट्यूबांतून सारख्या लांबीच्या रेघा काढा. पाकिटावर वेगळे प्रमाण दिले असेल तर ते पाळा. ‘लवकर सुकावे म्हणून दुसऱ्या ट्यूबमधले जरा जास्त’ असे करू नका, त्याने गोंद कच्चा राहतो. दोन मिनिटे काडीने घोटा, रंग सगळीकडे एक झाला पाहिजे. हॅक्सॉच्या पात्याखाली पडलेला लोखंडाचा कोरडा, बारीक कीस असेल तर चिमूटभर मिसळा, गोंद भरीव होतो. भोक खालून उघडे असेल तर खालून चिकटपट्टी लावा. बंद असेल तर काडीने तळापासून वर भरत या, वरून ओतलेत तर खाली हवा अडकते. काठोकाठ भरू नका; स्क्रूलाही आत जागा लागते.

आता पाटी जागेवर ठेवा, दुसरा चांगला स्क्रू तिला जागेवर धरेल. मेण लावलेला स्क्रू पाटीतून भोकात सरळ उतरवा. त्याचे डोके पाटीला पूर्ण टेकवू नका, केसभर वर राहू द्या. गोंद सुकल्यावर हाच केसभर भाग पिळला की पाटी घट्ट बसते. आधीच टेकवलेत तर नंतर आवळायला काही उरत नाही. वर आलेला गोंद लगेच पुसून घ्या. मग मशीन चोवीस तास तशीच राहू द्या. थंडीच्या दिवसांत, नागपूर-अमरावतीकडे तर विशेषच, आणखी अर्धा दिवस द्या किंवा मशीन दुपारच्या उन्हात ठेवा. हात लावून ‘सुकला का’ पाहण्याचा मोह टाळा, झाकणावर उरलेला गोंद नखाने दाबून पाहा.

चोवीस तासांनी स्क्रूला एक छोटा झटका द्या, उलट्या बाजूला. ‘टक्’ असा आवाज होऊन तो सुटतो आणि भोकात त्याचेच आटे उमटलेले दिसतात. सुटलाच नाही तर ताकद करू नका. डाग देण्याची इलेक्ट्रिकची कैय्या स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर धरा. उष्णतेने इपॉक्सी मऊ पडते आणि स्क्रू फिरतो. पुढे स्क्रू बसवताना तो आधी उलटा फिरवा, आटे एकमेकांत बसल्याचा हलका ठोका लागला की मग सुलटा पिळा. दोन बोटांनी आवळून वर पाव फेरा, बस्स. हे लोखंडाचे आटे नव्हेत.

इथे काही भगिनी म्हणतील, हे फिटरचे काम, आम्हाला कसे जमेल? कोणते काम कोणी करायचे हे दुसऱ्यांनी ठरवून देण्याचा अनुभव आपल्या समाजाला पुरेसा आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाईचे खाते आपल्या लोकांना बंद होते. त्या खात्यात पगार जास्त. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा इतरांना चालत नसे. 1928च्या गिरणी संपात हे खाते आपल्या कामगारांना खुले व्हावे हा प्रश्न बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांसमोर उभा केला. पुढे रेल्वेच्या वर्कशॉपांत, दारूगोळ्याच्या कारखान्यांत आपली माणसे फिटर, टर्नर झाली. आता त्यांच्याच घरात पाना मुलाच्या हाती आणि पोछा मुलीच्या हाती, असे का? सुईत दोरा ओवणाऱ्या हाताला स्क्रू सरळ धरणे अवघड नाही. वस्तीत कोणी निवृत्त फिटर काका असतील तर रविवारी विहारात वंदनेनंतर त्यांना अर्धा तास बसवा आणि मुलींना पुढे बसवा.

आता नाही कुठे, ते. छताचा पंखा ज्यावर लटकतो तो कुठलाही बोल्ट, सायकल-मोटारसायकलचे ब्रेक, हँडल, पायडल, चाक, मुलांचा पाळणा किंवा झोका: इथे इपॉक्सी लावणे म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ. साधी इपॉक्सी साठेक अंश उष्णतेला मऊ पडू लागते, म्हणून कुकर, गॅसची शेगडी, स्कूटरच्या इंजिनाचा ऑइल काढायचा बोल्ट, स्पार्क प्लग यांच्याजवळ ती नको. गॅसच्या कुठल्याही जोडाला तर अजिबात नको.

आणखी एक जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इस्त्री, गिझर, मोटार, लोखंडी कूलर यांच्या अंगाला हिरवी वायर ज्या स्क्रूने जोडलेली असते, त्या अर्थिंगच्या स्क्रूचे भोक इपॉक्सीने भरू नका. इपॉक्सीतून वीज जात नाही. बाहेरून स्क्रू घट्ट दिसेल, वायरही लागलेली दिसेल, पण अर्थिंग तुटलेले असेल, आणि हे कळेल ते शॉक बसल्यावर. ओल्या फरशीवर कूलरला हात लावून माणसे गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात.

अशा जागांसाठी लेथवाल्याकडे जावे. तो भोक मोठे करून सहाच्या जागी आठ मिलिमीटरचे आटे मारून देईल, किंवा बुश बसवेल, किंवा हेलिकॉइल नावाची पोलादी तारेची गुंडाळी घालून जुन्याच मापाचे आटे परत देईल. आधी भाव विचारा. सायकलच्या ब्रेकसाठी तो खर्च करावाच.

काम करताना हातात प्लास्टिकची पिशवी घाला. कच्च्या राळेने काहींच्या कातडीला खाज सुटते, पुरळ उठते, आणि एकदा सुरू झाले की पुढे थेंबानेही उठते. हाताला लागलेच तर साबणाने धुवा, थिनरने नको, थिनर ते कातडीत आणखी मुरवते. घोटायला स्वयंपाकघरातला चमचा घेऊ नका. लहान मुले झोपल्यावर हे काम काढलेले बरे. आणि काम झाल्यावर ट्यूबांची टोपणे पुसून ज्याची त्यालाच लावा. अदलाबदल झाली तर टोपण आतच घट्ट होते आणि पुढच्या वेळी ट्यूब फोडावी लागते.